लॉगबुकातल्या दोन ओळी

सध्याचं पोस्टिंग: बॉथेल, वॉशिंग्टन राज्य. मुलीचं घर. मुदत सहा महिने. ड्यूटी तीन: १५३५ ला नातीला स्कूलबसच्या थांब्यावरून आणणे, डिशवॉशर रिकामा करणे आणि पावसाबद्दल तक्रार न करणे. तिसरी सगळ्यात अवघड. इथला पाऊस एकदाचा धो धो पडून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता ठिबकतो.

मी सुभेदार हणमंत माने, निवृत्त. मूळ गाव खटाव तालुक्यात. अठ्ठावीस वर्षं पायदळात काढली, त्यातली बहुतेक सिग्नल प्लाटूनमध्ये. रेडिओ ऑपरेटर. माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचे निरोप पोचवले की स्वतःचं बोलायची सवय राहत नाही. म्हणून हे लिहायला इतका उशीर झाला.

डिसेंबरात मला एक मेसेज आला. पलटणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कोणीतरी नंबर दिला होता.

"काका, मी मृण्मयी. मेजर दिघ्यांची मुलगी. रेडमंडला जॉब करते. तुम्ही बाबांचे ऑपरेटर होतात ना? भेटायचंय. एक गोष्ट विचारायची आहे."

कोणती गोष्ट, ते वाचतानाच कळलं. तेवीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो, आणि तो येऊच नये असंही वाटत होतं. उत्तरात 'रविवारी ११०० ला ये' असं लिहिलं. मग ते खोडून 'अकरा वाजता' केलं.

ती १०५५ ला आली. फौजीची पोर, पाच मिनिटं आधीच येणार. वय पस्तिशीचं. ओला रेनकोट दारात झटकला, बूट नीट जोडीने ठेवले. माझ्या मुलीने, सुनीताने चहा टाकला. नात रिया सोफ्यावर फोन घेऊन बसलेली. मृण्मयीने पिशवीतून एक जाड वही काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

"काका, आम्हाला घरात एवढंच माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांच्या पोस्टवर एक माणूस गेला. इन्क्वायरी झाली. त्यानंतर बाबांचं प्रमोशन कायमचं अडकलं. आई शेवटपर्यंत विचारायची, अहो, अशी काय चूक केलीत तुम्ही? बाबा उत्तरच द्यायचे नाहीत. आई गेली, गेल्या वर्षी बाबाही गेले. सामान आवरताना ही सापडली. मला वाटलं डायरी असेल. आत सगळी हिस्ट्री आहे यार, म्हणजे सॉरी, काका. ब्रिटनच्या एका पंतप्रधानाची. लेक्चर एक, लेक्चर दोन, अशी. आणि लेक्चर सहाच्या पानावर फक्त एक नाव आहे. गावडे. पुढची पानं कोरी. गावडे कोण?"

"सांगतो," मी म्हणालो. "पण पहिल्यापासून सांगू दे. मधूनच सांगितलं तर मी माझ्या सोयीचं सांगेन."

आमची पोस्ट काश्मीरच्या उत्तरेला, एलओसीवर होती. नाव सांगत नाही, सवय गेलेली नाही. उंची चौदा हजार फूट. माणसं चोवीस. बर्फ पडला की एप्रिलपर्यंत रस्ता बंद. खाली दीड तासाच्या चालीवर दुसरी पोस्ट, आणि मध्ये एक नाला. त्या नाल्यात हिमकडा कोसळायचा. म्हणून नियम होते. ऊन लागायच्या आत नाला पार करायचा. एका वेळी एकच माणूस. प्रत्येकाच्या कमरेला लांब लाल दोरी, मागे मोकळी सोडलेली. माणूस बर्फाखाली गेला तर दोरी तरी वर दिसावी, हा त्यातला हिशेब.

०५३० स्टँड टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्च्यावर. ०६०० ला रेडिओवर बटालियनचा मेसेज: हवामान, बर्फाचा इशारा, हालचालीला परवानगी आहे की नाही. मी तो लॉगबुकात लिहायचा, परत वाचून दाखवायचा, मेजर साहेबांची सही घ्यायची. मग बर्फ उपसणं, पहारे, राशन. १७०० ला जेवण. त्यानंतर करायला काहीही नाही. पत्ते खेळून झाले, एकमेकांच्या गावांची टिंगल करून झाली. जवान चिडचिड करायला लागले, तेव्हा मेजर साहेबांनी बुधवारचं लेक्चर सुरू केलं.

विषय, दुसऱ्या महायुद्धातला तो ब्रिटिश पंतप्रधान. नाव जवानांच्या तोंडात बसेना, म्हणून पोस्टवर तो 'सिगारवाला' झाला.

पहिल्या लेक्चरलाच त्याने आमची मनं जिंकली, कारण तो अभ्यासात कच्चा होता. मिलिटरी कॉलेजच्या परीक्षेत दोनदा आपटला, तिसऱ्या खेपेला पास. घोडदळाचा पोरगेला लेफ्टनंट होऊन बंगळूरला आला. दुपारी बाकीचे ऑफिसर झोपा काढायचे, हा पुस्तकं वाचायचा. पुढच्या बुधवारी सरहद्दीवरची लढाई, मग आफ्रिकेत कैद आणि तिथून पळ. तो भिंत चढून पळाला हे सांगताना साहेब स्वतः राशनच्या पेटीवर चढले होते. बंकरचं छत डोक्याला लागलं. आम्ही चार दिवस हसत होतो.

तिसरं लेक्चर वेगळं झालं. पहिल्या महायुद्धात हा माणूस आरमाराचा मंत्री. तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून जहाजं घुसवायची त्याची योजना. ती फसली. हजारो माणसं गेली. त्याचं पद गेलं.

"मग काय केलं त्यानं, साब?" गावडेने विचारलं.

"युनिफॉर्म चढवला आणि फ्रान्सच्या खंदकात गेला. चाळिशी उलटलेला माणूस, कालपर्यंत मंत्री. चिखलात बटालियन सांभाळली."

"म्हणजे आपण भी जाऊन बसला," गावडे म्हणाला. "बरोबर केलं."

हा गावडे. लान्स नायक भिकाजी गावडे, चंदगड तालुक्यातला. बोलणं कमी, हात जड, भाकऱ्या उत्तम. माझा दोस्त.

चौथ्यात त्या पंतप्रधानाची दहा वर्षं: सत्ता नाही, जर्मनी चढाई करणार म्हणून ओरडतोय, लोक ऐकत नाहीत. पाचव्यात पासष्टीला पंतप्रधान झाला, तोही सगळं हातातून निसटलेलं असताना. साहेबांनी त्या दिवशी त्याचा एक नियम सांगितला. माझा हुकूम म्हणजे लेखी हुकूम. तोंडी गोष्ट माझ्या नावावर खपवायची नाही.

तेव्हा नायक बिस्वास उठला. आमचा नर्सिंग असिस्टंट, बंगालचा. "साब, उसी टाइम बंगाल में लोग भूख से मर रहे थे. मेरी दादी के दो भाई मरे. वो भी तो इसी के राज में."

साहेबांनी वही उघडली. "कितने साल के थे?" विचारलं आणि लिहून घेतलं. मग आम्हा सगळ्यांना म्हणाले, "मी याची आरती ओवाळत नाही. आपल्याला स्वातंत्र्य मिळू नये म्हणून हा शेवटपर्यंत अडून बसला. पण हरलेली लढाई माणूस कसा अंगावर घेतो, ते याच्याकडून कळतं. नकाशा शत्रूचा असला तरी वाचायचा."

मृण्मयीने वहीची पानं उलटली. लेक्चर पाच. समासात लिहिलं होतं: बिस्वासच्या आजीचे भाऊ, वय नऊ आणि बारा.

आता सहाव्या बुधवारचं सांगतो.

थंडीत रेडिओची बॅटरी बसते. आमचा उपाय असा: बॅटरी काढायची, झोपायच्या पिशवीत छातीशी धरायची. अंगाच्या उबेने ती पुन्हा तासभर चालते. याला आम्ही बॅटरी झोपवणं म्हणायचो. एक सेटला, एक पिशवीत, असा पाळणा चालायचा. त्या आठवड्यात चार्जिंगचा जनरेटर बंद पडला. दुसरी बॅटरी पार मेली. टेलिफोनची लाइन बर्फाने तुटलेली. म्हणजे चोवीस माणसं आणि एक बॅटरी. जनरेटरचा पार्ट आणायला चार जण खालच्या पोस्टवर जाणार होते. कमांडर गावडे. त्याच्याकडे सुट्या सेलवर चालणारा छोटा वॉकीटॉकी, त्याचा आवाज फक्त पोस्टच्या सेटपर्यंत पोचायचा.

दुसरा ऑपरेटर तापाने पडला होता, म्हणून ०१०० पासून मीच सेटवर. ०६०० ला मेसेज आला: ०८०० पर्यंत हालचालीला परवानगी. लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली. ०६२५ ला बॅटरीचा काटा खाली आला. ०६३० ला मी ती काढली, पिशवीत शिरलो, छातीशी धरली. पंधरा मिनिटं, असं ठरवून. नियमाने मी कोणाला तरी शेजारी बसवायला हवं होतं. नाही बसवलं.

माझा डोळा लागला. एवढंच आहे. तेवीस वर्षं मी या वाक्याला वळसा घालून चाललोय.

०६४० ला बटालियनने इशारा दिला: वरच्या उतारावर वाऱ्याने बर्फ साचलाय, हालचाल बंद. तीनदा हाका मारल्या. ०६४५ ला गावडेने माझ्या दारावर थाप मारली. "माने, निघालो रे." ते मला झोपेत ऐकू आलं होतं.

०७१२ ला जागा झालो. बॅटरी जोडली, तसा बटालियनचा आवाज आला.

"अल्फा, मूव्हमेंट बंद. मेसेज ०६४० चा. अॅकनॉलेज. ओव्हर."

मी धावत साहेबांकडे गेलो. ते पायात अर्धे बूट घालून सेटवर आले. चौघे नाला ओलांडून पलीकडे पोचले होते. पलीकडची वाट अर्धा तास त्याच उताराखालून जायची. अलीकडे मोठ्या खडकाचा आडोसा होता. साहेबांनी चार सेकंद विचार केला असेल.

"गावडे, पुढे जाऊ नका. एकेक करून मागे या."

"रॉजर साब."

साहेब सहा माणसं आणि फावडी घेऊन खडकाकडे पळाले. सेटवर मी एकटा. गावडेने पोरांना एकेक करून सोडलं. ०७३१ ला त्याचा आवाज आला.

"माने, तिघं पोचले का रे? इकडून दिसत नाही."

पहाऱ्यावरच्या सेंट्रीने वरून तीन बोटं दाखवली.

"पोचले. तिघंही."

"मग निघतो मी. ओव्हर."

०७३३ ला हिमकडा सुटला. आवाज फार मोठा नव्हता. ट्रकमधून वाळू ओतावी तसा.

लाल दोरी ०८५० ला सापडली. गावडे ०९२० ला. बिस्वास दीड तास त्याच्या छातीवर दाब देत राहिला. ११०० ला साहेब म्हणाले, "बस, बिस्वास."

दुपारी साहेब माझ्या बंकरमध्ये आले. लॉगबुक समोर होतं. '०६३० ते ०७१२ सेट बंद', इथपर्यंत लिहून पेन अडकलं होतं.

"पुढे काय लिहिणार?"

"झोपलो म्हणून लिहितो, साब."

त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. 'बॅटरी गरम करण्यासाठी सेट बंद ठेवावा, असा माझा तोंडी आदेश होता. एका बॅटरीवर पोस्ट चालवण्याचा निर्णयही माझा.' खाली सही, वेळ १३१०.

"साब, हे खरं नाही."

"दुसरी ओळ खरी आहे. पहिली निम्मी. बॅटरी जपा, असं मी म्हणालो होतो की नाही? तोंडी म्हणालो. लिहून दिलं असतं तर किती वेळ, कोणी, शेजारी कोण, सगळं ठरलं असतं. रात्री एकपासून जागा असलेला ऑपरेटर सकाळी एकटा ड्यूटीवर, तोही माझ्याच कंपनीत. आणि गावडेला मागे मी बोलावलं." मग पेन मला परत दिलं. "तू यापुढे गप्प बसायचं. हा हुकूम आहे."

तो मात्र तोंडीच होता.

बर्फ वितळल्यावर इन्क्वायरी झाली. मला तीन प्रश्न विचारले. विचारलं तेवढंच सांगितलं. सीमेवर ड्यूटीवर झोपलेल्या माणसाला जेल होते, घरी पाठवतात, पेन्शन जाते. सुनीता तेव्हा सहावीत होती. साहेबांना वरून लेखी नाराजी मिळाली. ती फाइलला लागली की ऑफिसरचा रस्ता संपतो. रजा मिळताच ते आधी गावडेच्या घरी गेले, मग स्वतःच्या.

मी थांबलो. स्वयंपाकघरातला नळ चालू होता, तो सुनीताने बंद केला. रियाने फोन कधीच उलटा ठेवला होता.

"सो तुम्ही लेक्चर सहा ऐकलंच नाही?" रियाने विचारलं.

"नाही. पुन्हा लेक्चर झालंच नाही. पुढचं मी इथल्या लायब्ररीत वाचलं. सिगारवाल्याने जर्मनीशी लढाई जिंकली आणि जपानशी संपायच्या आतच लोकांनी मतं देऊन त्याला घरी बसवलं."

"व्हॉट? ही वन, अँड दे फायर्ड हिम?"

"हो. काही वर्षांनी त्याला परत निवडलं. आमच्या साहेबांना कोणी परत बोलावलं नाही."

मग मी मृण्मयीकडे बघून बोललो. "बेटा, तुझ्या बाबांच्या त्या दोन ओळींवर मी नायब सुभेदार झालो, सुभेदार झालो. पेन्शन मिळाली. ही सुनीता इंजिनियर झाली, इथे आली. आज मी या उबेत बसून चहा पितोय, तो त्यांचा आहे. असा एक दिवस गेला नाही की मी त्यांना मनातून हात जोडले नाहीत. समोर जाऊन मात्र एकदाही जोडले नाहीत."

"पप्पा, आईला माहीत होतं?" सुनीताने विचारलं.

"नाही."

मृण्मयी बोलली ती रागानेच. "माझी आई पंधरा वर्षं त्यांना बोल लावत राहिली, काका. एक पत्र टाकलं असतंत. नुसतं एक."

"टाकायला हवं होतं. हुकूम होता, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे भ्यालो."

तिने डोळे पुसले. वही बंद केली, परत उघडली. "मी बारावीत होते," ती म्हणाली. "बाबा एकदा संध्याकाळी पेढे घेऊन आले. आईने विचारलं, कसले? म्हणाले, माझा ऑपरेटर नायब सुभेदार झाला. आई चिडली. दुसऱ्याच्या प्रमोशनचे पेढे तुम्ही वाटणार, आणि तुमचं काय? बाबांनी दुसरा पेढा उचलला. शुगर होती त्यांना, तरी. तुमचं नाव माने, हे मला तेव्हापासून माहीत आहे. त्याच नावाने शोधलं मी तुम्हाला."

मी रडलो. लेकीसमोर, नातीसमोर. रियाने पाण्याचा ग्लास आणून हातात दिला आणि शेजारी टेकून बसली. असली पोरं मिळायला नशीब लागतं.

थोड्या वेळाने मृण्मयीने विचारलं, "गावडेंच्या घरी हे माहीत आहे?"

"नाही. साहेबांनी त्यांनाही चूक स्वतःचीच म्हणून सांगितलं होतं. मी दर दिवाळीला फोन करतो. तब्येत विचारतो, ठेवतो."

तिने टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. चंदगडला तेव्हा मध्यरात्र उलटलेली, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं. मृण्मयीही थांबली. सुनीताने पिठलं-भात केला.

१९०० ला फोन लावला. चंदगडला सोमवारची सकाळ, साडेआठ. सुमन वहिनी अंगणवाडीत काम करतात, निघायच्या गडबडीत होत्या. दिवाळी नसताना माझा फोन बघून घाबरल्या. मी म्हणालो, सगळं ठीक आहे, पाच मिनिटं बसा. मग मघाशी सांगितलं तसंच सांगितलं, वेळांसकट. झोप लागली, तेही.

लाइन तुटली की काय म्हणून मी स्क्रीन बघितला. चालू होती.

"साहेब आले होते तेव्हा उंबऱ्यातच बसले," वहिनी म्हणाल्या. "मी भाकरी वाढली. ताट हातात धरून बसले होते, घास मोडला नाही. चूक माझी, एवढंच परत परत. मी म्हटलं, हा माणूस एकटाच कसा काय सगळं घेतोय."

"वहिनी, त्यातली माझी होती."

"कळलं." मग त्या म्हणाल्या, "त्यांना मी विचारलं होतं, शेवटी काय बोलले आमचे? साहेब म्हणाले, सेटवर मी नव्हतो. मग कोणाला विचारणार? तुम्ही होता का?"

"होतो. म्हणाले, माने, तिघं पोचले का रे?"

"आणि?"

"पोचले, असं सांगितलं. मग म्हणाले, निघतो मी."

"म्हणजे पोरं पोचलेली त्यांना कळलं होतं."

"हो, वहिनी. कळलं होतं."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"मीच."

मृण्मयीने माझ्या मनगटावर हात ठेवला होता. पलीकडून वहिनींचा श्वास ऐकू येत होता.

"मग त्या टायमाला तुम्ही जागे होता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

लान्स नायक भिकाजी गावडे, तालुका चंदगड. वय सव्वीस. त्याने आधी पाठवलेले तिघेही आज पेन्शन घेतात.